धरलेला उजेड

ओलं कापड जोरात झटकल्यासारखा तो आवाज होता. बावीस वर्षांपूर्वी एकदाच झाला, पण काकांच्या कानातून काही गेला नाही. कुणी कपडे वाळत घालताना झटकले, तरी अजून त्यांच्या हातातला चहा हिंदकळायचा.

काका जुन्या पंपघराचे राखणदार. पंप चालू होते तेव्हा ते पंप चालवत. पुढे तलाव आटला, पंप बंद पडले, सगळी माणसं गेली. काका मात्र राहिले, कारण त्यांना काढून टाकायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. पंपघरामागच्या लव्हाळ्यात रानमांजरं होती. दर वर्षी त्यातली एखादी मांजरी आतल्या खोलीत, गंजलेल्या पंपाच्या आडोशाला व्यायची.

त्या पिल्लांचे फोटो काढायला मास्तर येत. शाळेत चित्रकला शिकवणारा माणूस, पण रविवार उजाडला की कॅमेरा घेऊन पंपघरावर हजर. त्यांचा एकच हट्ट. फ्लॅश मारायचा नाही, बॅटरी लावायची नाही, सूर्य देईल तेवढ्याच उजेडात फोटो काढायचा. आता त्या खोलीला उत्तरेकडे एकुलतं एक दार. आत ऊन येणार कुठून? म्हणून मास्तरांनी युक्ती काढली. दारासमोर अंगणातल्या उन्हात पांढरी चादर ताणून धरायची, की चादरीवर पडलेलं ऊन उलटून खोलीत जायचं. चादरीचं एक टोक झाडाला बांधलेलं, दुसरं काकांच्या हातात. काकांना यायला वेळ झाला की मास्तर घड्याळाकडे बघत म्हणायचे, "आज सूर्य उशिरा उगवला."

अशी अकरा वर्षं गेली. मग एका सकाळी वावटळ आली आणि चादर काकांच्या हातातून सुटली. तो आवाज झाला. मांजरी एक पिल्लू तोंडात धरून पळाली, ती दुसऱ्यासाठी परत आलीच नाही. मागे राहिलेल्या पिल्लाला काकांनी कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं, उबेला पोटाशी घेऊन झोपले. तीन दिवस ते जगलं. मास्तर एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर ते त्या खोलीत गेले नाहीत, बाहेर लव्हाळ्यातच फोटो काढत राहिले.

मागच्या हिवाळ्यात मास्तर गेले. आणि यंदा त्यांची मुलगी त्यांचाच तिवई-कॅमेरा खांद्याला लावून दारात उभी राहिली.

"बाबांचा एकच फोटो राहिलाय, काका. खोलीतला. आई आणि पिल्लं."

"काढ की. पण चादर लावायची नाही."

"का?"

काकांनी बोटं चोळत त्या सकाळचं सगळं सांगितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच सांगत होते, त्यामुळे मध्येमध्ये शब्द सापडत नव्हते.

"बाबांनी हा विषय कधीच काढला नाही," ती म्हणाली.

"ते कशाला काढतील? पण पोरी, पुन्हा एखादं पिल्लू मागे राहिलं, तर मला या जागेत राहता यायचं नाही."

"नाही लावणार चादर. असेल त्या उजेडात काढू. फोटो काळा आला तर काळा."

"म्हणजे अमावस्येला काळ्या मांजराचा," काका म्हणाले, आणि ती कितीतरी दिवसांनी हसली.

तिने खोलीत दाराकडे पाठ करून गोणपाटाचा आडोसा उभा केला आणि दहा दिवस तो वीतभर वीतभर पुढे सरकवला. मांजरीला त्याची सवय झाली. आठव्या दिवशी तर तिने त्यावर नखं घासून घेतली. अकराव्या दिवशी सकाळी, मांजरी शिकारीला गेलेली बघून, दोघं आडोशात खांद्याला खांदा लावून बसले. समोर गोणपाटाला टीचभर भोक. गंज, जुनं तेल आणि पिल्लांच्या अंगाचा दुधाळ वास. कुठेतरी पाणी टपकत होतं, खरं तर त्या इमारतीत आता पाणी नव्हतं.

मांजरी परतली. पंपामागे तीन राखाडी गोळे हलले, तिला बिलगले. त्यापलीकडे काही दिसेना.

"नाही जमणार, काका..."

"थांब जरा."

आणि उजेड आला.

आधी पंपाच्या चाकावर आला, मग भिंतीवरून सावकाश खाली उतरला आणि मांजरीच्या पाठीवर थांबला. तिच्या केसाकेसाचं टोक पेटल्यासारखं झालं. पिल्लांचे कान आरपार दिसू लागले, आतल्या शिरा पिंपळाच्या कोवळ्या पानासारख्या. एक पिल्लू उजेडाकडे पंजा उगारून बघत होतं. असं काही आपल्याला बघायला मिळावं एवढी आपली लायकी नाही, असं काकांना वाटलं. आणि त्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं, उजेड किंचित थरथरत होता. उन्हाचा उजेड थरथरत नाही. हाताने धरलेला थरथरतो.

"बाहेर कोण आहे...?" तिने ओठ न हलवता विचारलं.

"कुणी नाही. फाटकाला आतून कडी आहे."

"मग चादर...?"

"चादर माझ्या ट्रंकेत आहे."

मागे वळून बघावं, तर गोणपाट हलेल. दोघांनीही मान हलवली नाही. तिची बोटं कॅमेऱ्यावर चालत राहिली.

मग वारा सुटला. लव्हाळं सळसळलं, उजेड भिंतीवर हेलकावे खाऊ लागला. मांजरीने मान वर करून थेट दाराकडे पाहिलं, तिचे मागचे पाय आवळले. जवळचं पिल्लू तिने तोंडात धरलं.

काकांनी डोळे मिटले. बाहेर कोण आहे हे त्यांना जाणून घ्यायचं नव्हतं. जो कुणी असेल त्याने फक्त सोडू नये. घट्ट धर, ते मनात म्हणाले. बाबा रे, घट्ट धर. त्यांच्या मुठी आपोआप आवळल्या, खांद्यातून कळ गेली, दंड भरून आले. वारा ओढत होता, ओढतच होता...

डोळे उघडले तेव्हा उजेड स्थिर होता. मांजरीने पिल्लू खाली ठेवलं, त्याला दोनदा चाटलं आणि आडवी झाली. तिन्ही पिल्लं लुचू लागली. त्यांच्या घुरघुरण्याचा बारीक आवाज खोलीभर पसरला. मुलगी रडत होती आणि फोटो काढत होती.

थोड्या वेळाने उजेड हलकेच उचलला गेला. घडी घातल्यासारखा.

मांजरी पिल्लांना झोपवून लव्हाळ्यात गेली, तेव्हा ती दोघं बाहेर आली. अंगण मोकळं होतं, धुळीत पाऊल उमटलेलं नव्हतं. पायरीवर बसून ती कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो बघू लागली. काका शेजारी टेकले.

"तिन्ही आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"तिन्ही आहेत, काका." तिचा आवाज मऊ झाला होता. "बाबा म्हणायचे, उजेड कुठून आला ते प्राण्याच्या डोळ्यात दिसतं."

तिने पंजा उगारलेल्या पिल्लाचा डोळा मोठा केला. आणखी मोठा केला. बुबुळात पांढरा चौकोन होता, ताणून धरलेला, आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस. डावीकडचा उंच, मान थोडी कललेली.

"बाबा..." ती म्हणाली, आणि बोटाने त्याला नुसता स्पर्श केला.

मग तिने चित्र उजवीकडे सरकवलं. दुसरा माणूस बुटका होता. एक खांदा उतरलेला, दोन्ही हात वर, वाऱ्याच्या ओढीने सगळं अंग मागे रेललेलं. तिने आणखी मोठं केलं. दुसरा फोटो उघडला, दुसऱ्या पिल्लाचा डोळा. मग मांजरीचा. सगळीकडे तोच, आणि ते काका होते.

"तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात ना?" तिने हळूच विचारलं.

"होतो की, पोरी."

तिने त्यांच्या हातांकडे पाहिलं, म्हणून काकांनीही पाहिलं. दोन्ही तळव्यांवर कापडाचा पीळ रुतल्याचे लालभडक वळ होते.

तिनेच काय ते सांगावं म्हणून काकांनी हात तिच्यापुढे धरले. तिने कॅमेऱ्याला झाकण लावलं, तिवई खांद्यावर घेतली आणि "या वेळी चादर सुटली नाही, काका," एवढं म्हणून फाटकाकडे चालू लागली.