दिवेलागणीचं दार

बारकूला वळण म्हणून नव्हतं. यंत्रमानव असला म्हणून काय झालं, घरच्या बाईच्या तोंडावर दार लावायचं? रोज दिवेलागणीला यमुनाबाई ढमाले घराची एकापुढे एक असलेली दोन्ही दारं सताड उघडायच्या, देवापुढे दिवा लावायच्या, आणि वळून बघतात तो बारकूने दारं लावलेली. लक्ष्मी यायची वेळ ती, पण त्या पत्र्याच्या डोक्यात शिरेल तर शपथ. मग त्या दारं पुन्हा उघडून चांगला अर्धा तास उंबऱ्यात पहारा द्यायच्या.

मंगळावरच्या वसाहतीत त्यांचं हे चौथं वर्ष. घरं जमिनीखाली, पुढे छत घातलेली गल्ली. गल्लीत श्वास घेता यायचा, पण हवा फ्रिजमधल्यासारखी गार. घर उबदार राहायचं ते हीटरवर आणि हीटर चालायचा सौरपट्ट्यांवर (उन्हापासून वीज करणारे पट्टे). यंदा धुळीच्या वादळांनी ऊनच झाकलं होतं. अशात कचेरीची चिठ्ठी आली आणि दहा वर्षांच्या चारुताने ती आपल्या जिजीला, म्हणजे आजीला, वाचून दाखवली. तुमच्या घराला शेजाऱ्यांच्या दुप्पट वीज लागते. आठ दिवसांत कमी झाली नाही, तर घर बंद करून सामायिक दालनात राहायला यावं.

सामायिक दालन म्हणजे आपली चूल नाही, दुसऱ्याच्या हातचं पातळ वरण, तेही रांगेत उभं राहून. यमुनाबाईंचा पाय ठरेना. हीटरपाशी जात, भिंत चाचपत, पुन्हा येरझारा घालत. एवढी ऊब जाते कुठे? सहाव्या दिवशी त्यांनी चोर ठरवूनही टाकला. बारकू हीटरला चिकटून उभा राहायचा, भिंतींना तळवे लावत फिरायचा. तोच ऊब पीत असणार.

चारुताने बारकूलाच विचारलं. तो म्हणाला, तळव्यांनी तो हीटर किती तापलाय आणि भिंती किती गार झाल्यात ते मोजतो. भिंती निर्दोष आहेत. त्यांच्या पोटात उष्णतारोधक (ऊब अडवून धरणारा) थर आहे.

"जिजींच्या गोधडीसारखा," तो म्हणाला. "गोधडी स्वतः गरम नसते. चिंध्यांच्या थरांत हवा अडकून बसते आणि अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही."

"गोधडीचं मला शिकवू नकोस," यमुनाबाई म्हणाल्या. "बारा शिवल्यात मी. ऊब कुठे जाते ते बोल."

बारकूने त्यांच्याकडे उदबत्ती मागितली. त्या दिवशी दिवेलागणीला दारं उघडल्यावर त्याने ती चौकटीच्या वरच्या टोकाशी धरली. धूर सरळ गल्लीत पळाला. मग खाली उंबऱ्याशी धरली, तर तोच धूर घरात शिरून यमुनाबाईंच्या लुगड्याला लागला. गरम हवा हलकी, ती वरून बाहेर जाते. गार हवा जड, ती खालून तिची जागा घेते. याला अभिसरण (गरम-गार हवेचं फिरणं) म्हणतात, असं त्याने सांगितलं. अर्ध्या तासात घरातली सगळी हवा बदलते आणि हीटर रात्रभर नवी हवा तापवत बसतो.

यमुनाबाईंचे कान लाल झाले होते. दार बंद ठेवायचं तर लक्ष्मीला काय तोंड दाखवायचं, आणि उघडं ठेवायचं तर चूल जाते. त्या उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. मग त्यांची नजर दोन दारांमधल्या दोन पावलांच्या जागेवर पडली. तिथे आजवर फक्त चपला असायच्या. त्यांनी चपला हलवल्या, दिवा तिथे आणून ठेवला आणि आतलं दार स्वतःच्या हाताने लावलं.

"बाहेरचं उघडं राहू दे. ती इथवर आली की ते लावायचं, मग आतलं उघडायचं. जाईल ती या ओटीवरची मूठभर हवा. घरातली नाही."

"जिजी, लक्ष्मीला ओटीवर थांबवायचं?" चारुता म्हणाली.

"पाहुणी आहे, टेकेल घटकाभर. आणि माणसं आली तरी हीच रीत."

आठव्या दिवशी कचेरीची दुसरी चिठ्ठी आली. घराची वीज शेजाऱ्यांच्याही खाली उतरली होती. घर राहणार होतं. बारकूने हिशेब मांडला, की गल्लीतल्या सगळ्या घरांनी असं केलं तर उरलेल्या विजेत एक भाजीपाल्याचा मळा उबदार ठेवता येईल. चारुता तर मेथी कुठे पेरायची तेही ठरवून बसली.

यमुनाबाईंनी पदर खोचला, उदबत्तीचा पुडा उचलला आणि त्या बारकूसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तू चोर नाहीस, हे मी म्हणते. पण एवढं ठाऊक असून मुक्याने नुसती दारं लावत राहिलास, त्यात माझी चूल जात होती. तो गुन्हा मी माफ करणार नाही. चल आता घरोघर. उदबत्ती तू धर, बोलेन मी."