दाबून धर

गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलं की तात्या बोलायला लागतात. दिवसभर 'पाना दे' आणि 'डोळे फुटलेत का' यापलीकडे त्यांच्या तोंडून काही निघत नाही. परवा आमच्यातला एक जण म्हणाला, "तात्या, जुनी व्हॅन बघून ठेवलीय. घेऊ का?" तात्यांनी हात पुसले, बादली उलटी करून तिच्यावर बसले आणि सांगायला लागले. ते असं.

घे की. पण आधी खाली झोपून बघ. वरचा रंग काय, सगळेच बघतात. पत्रा कुठे सडलाय, इंजिनखाली तेल ठिबकतंय का आणि मागची चाकं आतून ओली आहेत का, हे बघायचं. ओली असली तर ब्रेक ऑइल गळतंय. हे मी माझ्या मेहुण्यालाही सांगितलं होतं. सांगितलं, आणि बघायचं मीच विसरलो.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. सहा फूट उंच, म्हणून सगळे लंबूच म्हणतात. मागच्या वर्षी त्याने एका म्हाताऱ्या सुताराची मालवाहू व्हॅन घेतली. सुतार सगळी दुरुस्ती घरीच करायचा. किल्ली देताना एवढंच म्हणाला, "ब्रेकचं काम मात्र आता मला होत नाही." आम्हाला वाटलं, वय झालंय.

गाडी तशी बरी होती. सरकत्या दाराचा रोलर झिजलेला, इंजिन तापलं की स्टार्टर कुरकुरायचा आणि ड्रायव्हरची सीट पार मागच्या खाचेत जाम. खालचे रूळ गंजून एकजीव झालेले. मी तेल सोडलं, हातोडा मारला. ढिम्म. लंबूला ती मागेच सोयीची होती, म्हणून नाद सोडला. डाव्या मागच्या चाकाशी ओल दिसली होती. म्हटलं, रविवारी बघू.

रविवार यायच्या आतच ती रात्र आली. नोव्हेंबरची अठरा, मंगळवार. साडेदहाला वीज गेली. माझे सासरे तेव्हा घरी ऑक्सिजनच्या यंत्रावर होते. यंत्र बंद पडलं, म्हणून शिल्लक ठेवलेला एकुलता एक सिलिंडर जोडला. तो पहाटे चारपर्यंत पुरला असता, फार तर. लंबू म्हणाला, "दाजी, तुम्ही काट्यावर नजर ठेवा. मी डोंगरावरून दुसरे घेऊन येतो." वरच्या शहरात सिलिंडरचं दुकान आहे, तिथला रखवालदार ओळखीचा. एक वाजता फोन आला. दोन मिळाले, निघालो.

एक चाळीसला पुन्हा फोन.

"दाजी, पेडल पार खाली जातंय."

"गाडी कुठेय?"

"डोंगराला घासून थांबवली. हातब्रेक ओढलाय, चाकांना दगड लावलेत."

"लागलं का?"

"मला नाही. दाराला लागलं. बाबा कसे आहेत?"

"झोपलेत. तू डाव्या मागच्या चाकाशी बघ."

बघितलं. पाइपाचा नट ढिला होऊन ऑइल गळून गेलं होतं. त्याने नट आवळला, जवळच्या बाटलीतलं ऑइल ओतलं. पण पाइपात हवा शिरलेली. ती काढल्याशिवाय ब्रेक लागणार नाही, आणि पुढे बारा वळणांचा उतार.

आता हवा कशी काढतात ते तुम्हाला माहीत आहे. एक वर सीटवर, एक खाली चाकाशी. खालचा म्हणतो 'मार', वरचा पेडल मारतो. खालचा म्हणतो 'धर', वरचा दाबून धरतो. खालचा चाकामागचं निपल उघडून बुडबुडे काढतो, निपल बंद करतो आणि मग म्हणतो 'सोड'. त्याआधी पाय उचलला की हवा परत आत. म्हणून घर पेटलं तरी 'सोड' ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही. माझ्या हाताखाली येईल त्याला हेच आधी शिकवतो ना मी? लंबूलाही हेच शिकवलेलं.

"दाजी, दुसरा माणूस कुठून आणू? इथे कुत्रंसुद्धा नाही."

"सीट आणि पेडलच्या मध्ये जॅकचा दांडा अडकव."

अडकवला. सटकला. पुन्हा अडकवला. पुन्हा सटकला. सव्वादोन झाले. फोन त्याने स्पीकरवर चाकाशी ठेवला होता. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. चिडून, स्वतःशीच ओरडल्यासारखा तो म्हणाला, "मार आता!"

आणि मला आवाज आला.

फुस्स... फुस्स... फुस्स.

पेडलचा आवाज. तीस वर्षं ऐकतोय.

मला हायसं वाटलं. म्हटलं, कोणी वाटसरू थांबला असेल.

"धर!" ऑइलचे थेंब पडले. "सोड!" फुस्स. पुन्हा मार, धर, सोड. हातात काम असलं की डोकं मागे राहतं. लंबूचंही राहिलं, माझंही. चौथ्यांदा 'धर' झालं, पान्याने निपल आवळल्याचा आवाज आला.

मी विचारलं, "कोण भेटलाय रे? शिकलेला पाय आहे."

पान्याचा आवाज थांबला.

"लंबू?"

"दाजी..."

"अरे, वर कोण बसलंय?"

पाना रस्त्यावर पडला. मग पावलं. मग दार उघडलं.

"कोणी नाही."

"नीट बघ."

"पेडल खाली आहे, दाजी. मागचा लाल दिवा लागलाय. सगळा रस्ता लाल दिसतोय."

मी काट्याकडे बघितलं. तोही लाल पट्टीला टेकलेला. मला दुसरं काही सुचेना.

"निपल बंद केलंस ना? मग गाडी काढ."

"मी तिथे बसू?"

"बस."

दगड काढून बसला. गुडघा कशावर तरी आपटला. हातब्रेक खाली केल्याचा खटका आला. इंजिन सुरू झालं. गुरगुरलं. गाडी जागची हलली नाही.

"चाकं धरून ठेवलीत, दाजी." तो रडत होता. "कोणीतरी धरून ठेवलीत."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हसू नका.

"लंबू... शेवटचं 'सोड' म्हणालास का?"

"नाही, दाजी."

"म्हण. तुझ्या बापाचा श्वास आहे त्या गाडीत. म्हण."

इंजिन चालू.  मग अगदी हळू, थोरल्या माणसाशी बोलावं तसा तो म्हणाला,

"सोडा... आता सोडा."

फुस्स.

फोन तुटला.

तीन चाळीसला तो दारात होता. आम्ही सिलिंडर बदलला. सासरे अजून आहेत, चहा पातळ झाला म्हणून रोज माझ्या नावाने ओरडतात.

सकाळी मी गाडी बघायला गेलो. सीट पुढे होती. पार पुढच्या खाचेत. खाली बॅटरी मारली. रुळांवरचा गंज जसाच्या तसा. एक कणही सुटलेला नाही, ओरखडा नाही.

तसाच सुताराकडे गेलो. तो रंधा मारत होता. सीटचं सांगितलं, तसा त्याचा हात थांबला.

"माझी बायको बुटकी होती," तो म्हणाला. "ब्रेकचं काम निघालं की वर तीच बसायची. त्या दिवशी मी म्हणालो, धर. तिने धरलं. निपल बंद केलं आणि म्हणालो, सोड. पेडल वर येईना. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा म्हणालो. पुन्हा..."

त्याने रंधा पुन्हा ओढला.  ती गेल्यावर सीट त्यानेच मागे सरकवली होती, सहा वर्षांपूर्वी.

सीट आता पुढेच आहे. तिथेच जाम. लंबूचे गुडघे स्टिअरिंगला घासतात. हातोडा आणू का म्हणून विचारलं, तर म्हणतो, "राहू द्या, दाजी. त्यांचे पाय पोचायला हवेत."