परतीच्या पायलटचं शेवटचं पान

या, बसा असे पुढं. एक गोष्ट सांगतो. खुनाचीच म्हणा, फक्त मेला तो कागदावरचा माणूस. आणि एक आधीच कबूल करतो, गुन्हेगार मी कुठं दडवून ठेवणार नाही. तुमच्या डोळ्यांसमोर बसवतो. ओळखलात तर मधेच बोलू नका, शेजारच्याची मजा जाते.

तर ‘पलीकडचं आभाळ’ म्हणून चित्रकथांचा एक अंक निघायचा, दर पंधरा दिवसांनी. पाच गोष्टी, सगळ्या ग्रहताऱ्यांच्या नि यंत्रमाणसांच्या. चार बदलत राहायच्या, पाचवी अठरा वर्षं तीच, ‘परतीचा पायलट’. चंद्रावरच्या वस्तीत लेकीला ठेवून गेलेला माणूस घरी परत निघालाय, बस्स, एवढंच. वाचणारे त्याच्याबरोबर म्हातारे झाले, हा आपला येतोयच.

त्या ऑफिसात वाचकांची पत्रं फोडायला एक बाई होती. पत्रमावशी. वीस वर्षं एकच काम. पत्र फोडायचं, वाचायचं, छापण्यासारखी चार बाजूला काढायची. टेबलावर ओला स्पंज, तिकिटं सोडवायला. त्यामुळं बोटं कायम ओली, नि पत्रांवर कायम निळे डाग. साहेब, म्हणजे अंकाचे संपादक, म्हणायचे, “मावशी, तुम्ही पत्रं वाचता की धुता?”

पायलट घरी पोचला तो अंक सोमवारी बाजारात आला. गुरुवारी पत्रांची तीन पोती आली.

शेवटच्या पानात पायलट दारापर्यंत येतो. दार बंद. तो दार वाजवत नाही. जिथं श्वासाला हवा नाही तिथं हेल्मेट काढतो, दाराला पाठ लावून बसतो आणि मरतो. पानभर एक शब्द नाही.

लोकांनी काय लिहावं? एका नर्सनं लिहिलं, ‘अठरा वर्षं रात्रपाळीत ह्या माणसाच्या सोबतीनं जागले. तुमच्या हाताला किडे पडोत.’ एकानं अंकाचे तुकडे करून तेच पाकिटात भरले. एकाचं तर वेगळंच, ‘दुसऱ्या गोष्टीत यंत्रमाणसाला सहा बोटं आहेत, आणि तुमचा चित्रकार नीच आहे.’ सगळा जाळ चित्रकारावर. त्याला सगळे अप्पा म्हणायचे. वय पंचाहत्तर.

सगळ्या पोत्यांत कौतुकाचं पत्र निघालं एकच. ठळक सुटी अक्षरं, खाली ‘एक वाचक’. लिहिलं होतं, ‘इतकं खरं पान ह्या अंकात कधी आलं नव्हतं. दाराशेजारी खिळ्यावर लेकीचं छोटं हेल्मेट टांगलेलं पाहिलं नि अंक मिटवेना.’ मावशीनं ओल्या अंगठ्यानं ते बाजूला सारलं. इतर पत्रांची शाई फुटली, ह्याची जागची हलली नाही. तिनं बघितलं, नि पुढचं फोडलं.

तेवढ्यात फोन वाजला.

“मावशी,” पलीकडून अप्पा, आवाज खोल गेलेला. “ते पान माझं नाही.”

“म्हणजे?”

“मी दार उघडं काढलं होतं. दारात लेक उभी. केस पांढरे झालेली.”

“साहेबांना सांगितलंत?”

“सांगितलं. ते म्हणाले, अप्पा, रेघ तुमचीच आहे, सगळं जग ओळखतं. तुम्ही काढलंत नि विसरलात. पुढच्या अंकात जाहीर छापणार आहेत, चित्रकाराचं डोकं ठिकाणावर नाही म्हणून. सूनबाईनं कालच माझ्याकडून घराची किल्ली काढून घेतली.” मग म्हणाले, “मावशी, खरंच तसं असेल का हो?”

ह्या शेवटच्या प्रश्नानं मावशी उठली. शिव्या माणूस पचवतो. आपल्याच डोक्याचा भरवसा गेला की राहिलं काय?

ती अप्पांच्या घरी गेली. सूनबाईनं दार उघडलं नि दबक्या आवाजात सांगितलं, “फार बोलायला लावू नका त्यांना.” म्हणजे निकाल लागलेलाच होता.

“पान कोणाकोणाच्या हातून गेलं, सांगा,” मावशी म्हणाली.

“पेन्सिलीनं मी काढलं. आमच्या शाईवाल्या दौतनं त्यावर शाई चढवली. परत आलं तेव्हा मी नीट पाहिलं, दार उघडं होतं. मागं नेहमीसारखी सही केली. बुधवारी पाकिटात घालून साहेबांच्या हातात दिलं.”

“शाई चढल्यावर पाहिलंत? नक्की?”

“दौतला मधे आणू नका. गरीब माणूस आहे, माझ्या रेघेवरून रेघ ओढतो.”

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, मावशी साहेबांच्या खोलीत. सगळं नेहमीसारखं. साहेब टेबलाशी, खिडकीत दौत. डोळ्याला जाड भिंग, हातात बारीक ब्रश, उद्या छापायला जाणाऱ्या पानांवरचे शाईचे डाग पांढऱ्यानं झाकत बसलेला. टेबलावर त्या जाहीर निवेदनाचा कागद तयार होता.

“पाकीट बुधवारी तुमच्याकडं आलं. मग?”

“कपाटात. किल्ली माझ्या खिशात.”

“बाहेर कधी काढलंत?”

“दोन आठवड्यांमागच्या शुक्रवारी सकाळी, नेहमीप्रमाणं. शनिवारी छापखान्यात गेलं.”

“तुम्ही पान पाहिलंत?”

“नाही. अप्पांची अट होती, शेवट छापून आल्यावरच बघायचा. मीही वाचकच आहे, बाई.”

“त्या शुक्रवारी खोलीत कोण आलं?”

“कोणी नाही.”

“जेवायला उठलात?”

“अर्धा तास. पण कोणी आलेलं नाही, शिपाई दारात होता. आता तुम्ही माझ्यावरच संशय घेताय का?”

“अंक एक उरला नाही बाजारात. फायदा तुमचाच.”

“फायदा?” साहेब कडू हसले. “पायलट मेला. पुढच्या अंकात विकू काय, त्याचं तेरावं?”

दौतनं ब्रश पाण्यात बुडवला. मावशीनं त्याच्यापुढं चहाचा कप सरकवला, जाता जाता सवयीनं, नि बाहेर पडली.

तिथून ती गेली न्हाव्याच्या दुकानात. हा न्हावी वाचक मंडळाचा अध्यक्ष. खुर्चीत गिऱ्हाईक, भिंतीवर अठरा वर्षांचे पायलट, बाकावर चारपाच जण अंक घेऊन तावातावानं बोलत होते.

“आली बघा शत्रूकडची,” न्हावी म्हणाला. “काय मावशी, अप्पांनी आता कोणाला मारायचं ठरवलंय?”

“तुझ्या गिऱ्हाईकाला. वस्तरा सांभाळ.”

बाकावरचा बसकंडक्टर म्हणाला, “हसण्यावारी नेऊ नका. माझी बायको दोन दिवस जेवली नाही. म्हणते, दार तरी वाजवायचं होतं मेल्यानं.”

“एक विचारू?” मावशी म्हणाली. “त्या पानातलं छोटं हेल्मेट कसं वाटलं? दाराशेजारी, खिळ्यावरचं.”

न्हाव्याचा वस्तरा थांबला. “कुठलं हेल्मेट?”

“लेकीचं.”

“मावशी, त्या पानात किती खडे पडलेत ते मी न बघता सांगतो. सत्तावीस. हेल्मेट नाही.”

पाच अंक उघडले गेले. पाचांत दार होतं, खडे होते, मेलेला पायलट होता. हेल्मेट कुणाच्याच अंकात नव्हतं.

मावशी तडक छापखान्यात. तिथं कटिंगवाला, कागदाच्या गठ्ठ्यांवर सुरी उतरवणारा माणूस, कानाला विडी खोचून बसलेला.

“त्या शेवटच्या पानाचं मूळ चित्र आहे का रे अजून?”

“आहे की. महिन्यानं परत करतो आम्ही.” त्यानं गठ्ठ्यातून जाड पुठ्ठा ओढून काढला. “पण ह्या पानानं छळलं मला. अप्पांच्या प्रत्येक पानाला चारी बाजूंनी फिकट निळी रेघ असते. छपाईत ती उठत नाही. रेघेच्या आत चित्र, बाहेरचं सुरीखाली. ह्याला रेघच नव्हती. मग छापील पानं अंदाजानं कापली.”

मावशीनं पुठ्ठा उजेडात धरला. अगदी कडेला, दाराच्या बाजूला, एक खिळा. खिळ्यावर लेकीचं छोटं हेल्मेट. तिनं पुठ्ठा उलटा केला. मागं सही नव्हती. मग बोट जिभेला लावून हेल्मेटवर घासलं. शाई हलली नाही.

ती तिथंच एका गठ्ठ्यावर बसली. “काय झालं मावशी?” कटिंगवाल्यानं विचारलं.

“काही नाही रे. मीच त्याला चहा दिला.”

दुपारी चारला साहेबांच्या खोलीत अप्पा आले, सुनेचा हात धरून. दौत खिडकीतच होता, अजून दोन पानं बाकी होती त्याची. मावशीनं पुठ्ठा टेबलावर ठेवला, शेजारी ते पत्र.

“हे पत्र लिहिणाऱ्यानं हेल्मेट पाहिलं,” ती म्हणाली. “छापलेल्या एकाही अंकात हेल्मेट नाही, ते सुरीखाली गेलं. म्हणजे ह्यानं अंक पाहून लिहिलंच नाही. ह्यानं हा पुठ्ठा पाहिला होता.”

“छापखान्यातला असेल कोणी,” साहेब म्हणाले.

“छापखान्यातला माणूस कडेला चित्र काढेल? ज्यानं हे काढलं त्याला कडेचं भान नव्हतं. निळी रेघ पहिल्यांदा आखायची असते, पेन्सिल धरणाऱ्यानं. ह्या माणसानं जन्मात पेन्सिलीचं पान केलेलं नाही. त्याला रेघ नेहमी आयती मिळाली. आणि तरी हात असा, की सगळं जग म्हणतं ही अप्पांची रेघ. अहो, पेन्सिल तर खोडली जाते. जगानं अठरा वर्षं पाहिली ती रेघ शाईची.”

“पत्राची शाईसुद्धा पाण्याला हलत नाही. चित्राची शाई आहे ती. राहिला प्रश्न, पान बदललं कधी? साहेब, त्या शुक्रवारी खोलीत कोणी नव्हतं म्हणालात. खोटं नाही बोललात तुम्ही. तुम्ही ते बोललात तेव्हाही तो इथंच बसला होता. दर पंधरवड्याच्या शुक्रवारी बसतो. तुम्हाला तो दिसत नाही. मलाही दिसला नाही, नि मी हातानं कप दिला त्याला.”

साहेबांनी मान वळवून खिडकीकडं बघितलं. अप्पांनीही.

दौतनं डोळ्यावरचं भिंग काढलं. ब्रश फडक्याला पुसला, सावकाश, दोनदा.

“अप्पांचं पान कुठाय?” मावशीनं विचारलं.

“जाळलं.”

“का रे?”

“ठेवलं असतं तर मीच परत लावलं असतं.” त्याचा आवाज साधा होता, बाजारभाव सांगितल्यासारखा. “मावशी, अठरा वर्षं तुमच्या टेबलावर पत्रं येतात. मी दर वेळी जाताना विचारायचो, काही विशेष? तुम्ही म्हणायचा, अप्पांना आलीत ढीगभर. एकदा तरी माझं पान छापून यावं वाटलं. दार उघडं ठेवलं असतं तर फरक कळला असता कोणाला?”

“म्हणून मारलास त्याला?”

“नुसतं मारलं नाही. लेकीचं हेल्मेट बाहेर टांगलेलं. म्हणजे ती आत होती, भिंतीपलीकडं. नीट दिसलं असतं तर लोक रडले असते, शिव्या नसत्या दिल्या.” तो जरासा हसला. “शिव्या पण अप्पांनाच गेल्या, बघा. तेवढ्यासुद्धा मला नाही आल्या. कौतुकाचं ते पत्रसुद्धा माझंच, अंक यायच्या आधीच लिहून ठेवलं होतं. तुम्ही छापाल म्हणून.”

मावशी खाली बघत राहिली. तिला एक आठवलं होतं, नि ते तिनं त्या खोलीत सांगितलं नाही. नऊ वर्षांपूर्वी एका शिंपिणीनं लिहिलं होतं, ‘चित्रावरची शाईची रेघ कोण ओढतं हो? टाक्यासारखी सरळ आहे.’ पत्र छापलं होतं. जागा कमी पडली म्हणून मावशीनं नेमकी ती ओळ गाळली होती.

साहेबांनी निवेदनाचा कागद फाडला. अप्पांच्या सुनेनं पदराच्या गाठीतून किल्ली काढून सासऱ्याच्या हातात दिली. अप्पांना मात्र त्याचं काही वाटलं नाही. ते दौतकडं बघत होते.

“दार परत काढशील?” त्यांनी विचारलं.

“तुमच्या पेन्सिलीवर काढीन.”

अप्पांनी उजवा हात टेबलावर ठेवला. तो थरथरत होता, कपातल्या चमच्यासारखा. “ते शेवटचं पान मी तीन महिने काढत होतो,” ते म्हणाले. “आता होणार नाही.”

“मग माझ्यानंही होणार नाही,” दौत म्हणाला. त्यानं आपली शाईची बाटली खिशात घातली, उरलेली दोन पानं साहेबांच्या पुढं नीट सरळ करून ठेवली, नि गेला. अठरा वर्षांत पहिल्यांदा तो जाताना सगळ्यांना दिसला.

पुढच्या अंकात साहेबांनी चार ओळींचा खुलासा छापला, पत्रांच्या पानावर खाली. पान अप्पांनी काढलेलं नाही, एवढंच. दौतचं नाव घातलं नाही. मावशी भांडली, साहेब म्हणाले, “घातलं तर दगड त्याच्या घरावर पडतील.” दया होती की लाज, मला विचाराल तर दोन्ही.

पण खुलासा वाचतं कोण? तो अंक जुन्या बाजारात हातोहात फिरतोय. दर आठवड्याला कोणीतरी नवा माणूस शेवटच्या पानाशी येतो, चिडतो नि पत्ता शोधून अप्पांना लिहितो. अप्पा ऐंशीला टेकलेत. प्रत्येक पत्र उघडतात, सुनेला वाचायला लावतात, मग विचारतात, “खुलासा गेला होता ना गं?”

तर तुमच्याकडं एक मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारात, ओळखीत कोणी तो अंक वाचून कागद-पेन घेऊन बसलेला दिसला, तर त्याच्या हातातलं पेन काढून घ्या. आणि आत्ता ऐकलंत ते त्याला सांगा.