बाजरीच्या कणसांचं तोरण

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गोडादऱ्याच्या बाजारात बाजरीच्या कणसांची एकच जुडी उरली होती, आणि तिच्यावर दोन हात एकदमच पडले. एक गायत्रीचा, दुसरा तिच्या समोरच्या गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या योगेंद्रचा.

"मी आधी धरली," गायत्री म्हणाली.

"धरली असेल... पण सोडली मी पण नाही!"

शेवटी अर्धी-अर्धी ठरली. झेंडू आणि आंब्याची पानं योगेंद्रनं तिथंच कशीबशी ओवली, पण कणसांना सुतळीची गाठ मारायला गेला की कणसं सुटून थेट पायाशी. इच्छापोरच्या कारखान्यात एवढालं मशीन चालवणारा हा बहाद्दर! गायत्रीला हसू आवरेना. तिनं हातगाडीच्या कडेला उभं राहून त्याचं तोरण बांधून दिलं.

"शिकून घे की," ती म्हणाली.

"शिकलो, तर पुढच्या वर्षी तू कशाला बांधून देशील?"

झालं! पोरगी तिथंच गुंतली. मग वर्षभर गच्चीवरून नजरा, दूध आणायच्या निमित्तानं दोन शब्द, फोनवर चोरून मेसेज... भाद्रपदात योगेंद्रच्या वडिलांना, भिकनदादांना, दवाखान्यात ठेवावं लागलं. "दादा घरी आले, की त्यांच्याजवळ तुझं नाव काढतो," योगेंद्र म्हणाला होता. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी त्याचा मेसेज आला – 'उद्या सकाळी दादांना सोडतायत.'

गायत्री पहाटेच उठली. झेंडू, आंब्याची पानं, आपट्याची डहाळी, मधोमध बाजरीची कणसं. गल्लीत कोणी उठायच्या आत तिनं ते तोरण योगेंद्रच्या बंद दाराला बांधलं. उद्या आपल्याच होणाऱ्या घराला आपल्या हातचं तोरण... तिचा आनंद पोटात मावेना.

साडेसातला गाडी आली. योगेंद्र उतरला. त्याचा चेहरा पाहूनच गायत्रीला कळलं. दादा पहाटेच गेले होते.

जमलेल्या माणसांतून कोणीतरी ओरडलं, "मयतना दारले तोरण? कोनी बांधं?"

गायत्रीनं योगेंद्रकडे पाहिलं.

"मीच," योगेंद्र म्हणाला. एकदाही तिच्याकडे न बघता त्यानं ते ओढून काढलं. उंबऱ्यावर बाजरीचे दाणे सांडले आणि त्यांच्यावरूनच दादांना आत नेलं.

बापाच्या मरणादिवशी त्यानं आपल्यासाठी खोटं बोलावं, हे गायत्रीला सहन होईना. तेरावं झाल्यावर ती सरळ त्याच्या आईसमोर, पुष्पाबाईंसमोर, जाऊन उभी राहिली.

"मावशी, ते तोरण... मी बांधलं होतं."

पुष्पाबाई म्हणाल्या, "माले माहीत व्हतं, बेटी. मना पोरले गाठ कोठे येस?" मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "तुना काही दोष नही. पन तुले दखस ना, तं तोच दिवस डोयासमोर येस."

त्या ओरडल्या असत्या, तर गायत्री भांडली असती. आता ती नुसती पाया पडून निघाली.

योगेंद्रनं लग्नासाठी आईला समजावलं, महिनोन्महिने समजावलं. शेवटी गायत्रीच म्हणाली, "राहू दे. त्यांनी रोज माझ्या हातचं जेवायचं आणि रोज रडायचं का?"

पुन्हा दसरा आला. बाजारात हातगाडीपाशी योगेंद्र उभा होता. हातात कणसांची जुडी.

"दादांची वरसी आधीच उरकून घेतली. आई म्हणते, आता तोरण लाव." त्यानं जुडी पुढे केली. "गायत्री... मला गाठ येत नाही."

तिनं हात पुढे केला... आणि मागे घेतला. आपण बांधलेली गाठ पुष्पाबाई दारात पाहताक्षणी ओळखतील.

"ये इकडे. शिकवते."

सुतळी कणसाभोवती दोनदा, मग खालून, मग ओढायची. पहिल्यांदा कणसं सुटली. दुसऱ्यांदाही सुटली, आणि दोघं चक्क हसले. "चुकव की अजून," असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

तिसऱ्यांदा गाठ बसली. गायत्रीनं ओढून पाहिली. पक्की होती.

"आली," ती म्हणाली. "आता दरवर्षी येईल तुला."