नऊ नंबरचा अनुप थूल

“चढाईला नऊ नंबर, अनुप थूल!”

भोंग्यातून नाव आलं आणि आचल बाकावर उभी राहिली. “दादा! दादा!” नयन आणि साहिल शिट्ट्या मारू लागले.

पण नऊ नंबरची जर्सी घालून मैदानात उतरलेला गडी अनुप नव्हताच! दाट दाढी, रुंद खांदे. पहिल्याच चढाईत त्याने तिघांना बाद केलं.

“काय वं आचल, तुहा दादा एका रात्रीत पैलवान झाला?” नयन म्हणाला.

“भोंगेवाला चुकला असन!”

पण गुणलेखकाच्या कागदावरही तेच नाव होतं : अनुप थूल, बी.ए. दुसरं वर्ष. अनुप तर सकाळीच म्हणाला होता, “गुडघा दुखून राह्यला, मी खेळत नाई. तुम्ही येऊ नका.” दिवाळीची सुट्टी, वर ‘येऊ नका’ म्हटलेलं. तिघं आलेच!

“चंद्रभान सरांना सांगू,” आचल म्हणाली. “कोणीतरी त्यायले फसवून राह्यलं!”

चंद्रभान सर कॉलेजच्या कबड्डी संघाचे प्रशिक्षक. उन्हाळी शिबिरात त्यांनीच या तिघांना खेळ शिकवला होता. विद्यापीठाच्या स्पर्धेत फक्त कॉलेजचा विद्यार्थीच खेळू शकतो, हेही त्यांनीच सांगितलं होतं. उपान्त्य सामना जिंकून संघ बाहेर आला, तेव्हा सर दाढीवाल्याच्या पाठीवर थाप मारत होते. “मोती, पाणी पी. चारला फायनल आहे.”

पोरांना पाहताच ते थबकले. “अरे, हा अनुपचा चुलतभाऊ. तुम्ही घरी जा पाहू.”

आचल मागे वळली. “आम्हाले चुलतभाऊच नाई!” ती पुटपुटली. सर खोटं बोलले होते. तिच्या तोंडावर!

“मोती... मोतीलाल!” साहिल ओरडला. “याचा फोटो आमच्या वांग्यांवर हाय!”

साहिलचे आजोबा, प्रेमदास आबाजी, बाजारात भाजी विकत. गावोगावच्या कार्यक्रमांचे जुने फ्लेक्स ते टोपल्यांवर झाकायला आणत. तिघं बाजारात धावले. साहिलने एक फ्लेक्स ओढताच आबाजी गरजले, “ठेव तो! उन्हानं वांगे सुकले तर तू घेशील काय?”

साहिलने अंगातला शर्ट काढून टोपलीवर पसरला. “घ्या!”

फ्लेक्सवर लिहिलं होतं : ‘समुद्रपूर खुले कबड्डी सामने. उत्कृष्ट चढाईपटू मोतीलाल.’ खाली नागपूरच्या एका कंपनीच्या संघाचं नाव. आणि दाढीसकट तोच चेहरा!

तिघं आचलच्या घरी पोचले. अनुप अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होता. गुडघा ठणठणीत!

“दादा, तुह्या नावानं कोणी दुसरा खेळून राह्यला!”

अनुपच्या हातातली दोरी थांबली. “माहीत हाय. आयकार्ड मीच दिलं.”

“काऊन?”

“सर म्हणाले, यावर्षी कप जिंकू, पुढच्या वर्षी तू कॅप्टन. आचल, कोणाले सांगू नको. मलेही खेळातून काढतील.”

तीन वर्षं पहाटे त्याच्याबरोबर मैदानावर जाऊन आचल त्याचे फेरे मोजत आली होती. ती म्हणाली, “मंग तूच सांग. चारच्या आत.”

अनुप दोरी गुंडाळू लागला.

चारला पाच मिनिटं होती. अनुप मैदानावर आला नव्हता. आचलने विद्यापीठाच्या निरीक्षक पौर्णिमा मॅडमसमोर फ्लेक्स उलगडला. मॅडमनी फोटो पाहिला, खेळाडू पाहिला. आयकार्ड हातात घेऊन त्यांनी विचारलं, “तुझी जन्मतारीख?”

मोतीलालने सरांकडे पाहिलं. सरांनी जमिनीकडे.

“तीन ऑगस्ट,” आचल म्हणाली. “तो माझा दादा आहे.”

“आयकार्ड चोरीला गेलं होतं का?”

आचलने मैदानाच्या फाटकाकडे पाहिलं. ‘हो’ म्हटलं असतं, तर अनुप सुटला असता.

“नाही मॅडम,” मागून आवाज आला. अनुप धापा टाकत उभा होता. “मीच दिलं. सरांच्या सांगण्यावरून.”

अर्ध्या तासात निर्णय लागला. संघ बाद. सरांची चौकशी सुरू. अनुपवर एक वर्षाची बंदी. स्वतः कबूल केलं म्हणून एकच वर्ष.

“शाब्बास पोरांनो! मोठ्यांना दिसलं नाही ते तुम्ही पाहिलंत!” पौर्णिमा मॅडम म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नयन आणि उघडाबंब साहिल फोटोसाठी छाती काढून उभे राहिले. आचल बाजूला सरकली.

चंद्रभान सर बॅग घेऊन तिच्याजवळून निघाले. “आचल, माझ्याच हाताखाली शिकलीस ना तू?”

“हो सर,” ती म्हणाली. “म्हणून तर पहिले तुमच्याकडंच आलतो आम्ही.”