मुदत टळलेली पुस्तकं

दारात कुणीतरी बूट आपटले. मी ज्वारी निवडत बसले होते. दचकून सूपच कलंडलं.

"बनुबाई दादासो साळुंखे?"

"मीच... का?"

"वाचनालयाचं पुस्तक तुमच्याकडं अकरा दिस जादा ऱ्हायलंय. घ्यायला आलोय."

बाहेर भाद्रपदातली सर कोसळत होती आणि हा गडी खाकी कोटात ताठ उभा! नाकाच्या शेंड्यावरून पाणी ठिबकत होतं, तरी पुसायला हात वर जाईना. मला हसू फुटलं. तो हसला नाही. तेव्हा मला त्याचा रागच आला, आणि नंतर... नंतरचं नंतर सांगते.

आकाराम हवालदार ब्रह्मदेशच्या लढाईतून गुडघ्यात गोळी घेऊन परतला होता. उसाच्या सरीत त्याचा पाय टिकेना, म्हणून चुलत्यानं त्याला आष्ट्याच्या वाचनालयात चिकटवला. सहा वर्षं बंदूक धरलेल्या हातात कथा-कादंबऱ्या! गाव हसलं. त्यानं मात्र पहिल्याच दिवशी पुस्तकांची हजेरी घेतली. निम्मी गैरहजर निघाली. मग हा लंगडत दारोदार फिरायचा आणि पळालेला शिपाई धरून आणावा तशी पुस्तकं आणायचा.

बायका तेव्हा वाचनालयात जात नसत. माझी पुस्तकं भाऊ आणायचा-न्यायचा. आता मी त्याला परत न्यायचं सांगेनाशी झाले. मुदत टळली की हवालदार येणारच! एक पुस्तक न्यायचा, दुसरं ठेवून जायचा.

"आज कितवा दिस?" मी विचारायची.

"चौथा."

"पयल्या खेपंला अकराव्या दिशी आलासा."

"आता लवकर ध्यानात येतंय..." तो छपराकडे बघत म्हणायचा.

"हे वाचलंसा का तुमी?"

"वाचल्याबिगर कुनाला देत न्हाई. शेवट वाचताना माजा च्या गार झाला."

"शेवट सांगू नका!"

"न्हाई सांगत. डोळं गळत्याल, एवढंच सांगतो."

माझे डोळे गळाले. पुस्तकामुळे की त्याला ते आधीच कळलं म्हणून, कोण जाणे. मला तो आवडला होता. लय आवडला होता.

आमच्या आबांच्या नजरेतून काही सुटत नसे. ते आईला म्हणाले, "पोरगा गुनाचा हाय. नोकरी टिकली तर बघू. न्हाईतर पोरगी कशाच्या जिवावर द्यायची?"

आणि नेमकं त्याच आठवड्यात आकारामनं वाचनालयाचे अध्यक्ष लालासाहेब यांच्याच दारात जाऊन, पाहुण्यांदेखत, तीन वर्षं अडकलेलं पुस्तक मागून आणलं! लालासाहेबांनी रविवारी बैठक बोलावली. हवालदाराला काढायचं म्हणून.

रविवारी मी पदर सावरून वाचनालयाची पायरी चढले. तोवर तिथं बाईमाणूस चढलं नव्हतं. सभासदांत बसलेल्या आबांनी मला बघून डोळेच मिटून घेतले.

"लालासाहेब, ते पुस्तक मी तीन वर्सं मागत हुते," मी म्हणाले. "हवालदारांमुळं मिळालं. नेम समद्यांना सारका, एवढंच त्यांनी केलं."

"सारका?" लालासाहेबांनी वही ओढली. पानं उलटता उलटता त्यांच्या मिशा थांबल्या. "तीनदा मुदत टाळली की नाव कमी करायचं, हा नेम. हिनं नऊदा टाळली! नाव कसं ऱ्हायलं रं, हवालदार?"

वाचवायला गेले आणि मीच त्याला बुडवला!

आकाराम उठला. 'विसरलो' म्हणाला असता तरी खपलं असतं.

"चूक माजी हाय, साहेब. नाव कमी केलं असतं तर... त्यांच्या दारात जायाला काय निमित्त ऱ्हायलं असतं?"

आबांना खोकल्याची उबळ आली.

लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "सोतावर बेतलं तरी खरं बोलतोय," ते म्हणाले. "असा मानूस मी दुसरा कुठं हुडकू? ऱ्हाऊ द्या ह्याला. पर नेम तो नेम. हिचं नाव कमी करा."

आकारामनं माझ्या नावावर स्वतः रेघ ओढली. ती वाकडी आली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो आला. हातात पुस्तक नव्हतं. सोबत त्याची आई, धोंडुबाई, होती.

"आवं दादासो," ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "तुमच्या बनूला मागनी घालाया आलोय."

मी आत दाराआड उभी.

"या की," आबा म्हणाले. "कालधरनं वाट बघतोय."