डाव्या दारावरचे ओरखडे

"गाडी अक्रमनेच ठोकली. तुम्ही फक्त तसं लिहून द्या, वासंतीताई," सूर्यकांत राजाध्यक्ष म्हणाले. "उद्या सकाळी मी ते त्याच्या गॅरेजमालकाला पाठवतो. मालक म्हणालाय, पुरावा द्या, याचा व्हिसा कॅन्सल. खलास."

"लिहून द्यायचं की शोधून द्यायचं?" वासंतीने शांतपणे विचारलं.

परेश मनातल्या मनात हसला. वासंती त्याची वहिनी, आणि अपघातांचे खोटे क्लेम उघडे पाडण्यात तिचा हातखंडा. अल कुसैसहून खलिफा सिटीपर्यंत तो तिला घेऊन आला होता खरा, पण तपासाशी त्याला काय देणंघेणं? त्याला गाडी बघायची होती.

आणि गाडी तरी कसली! एकोणसत्तर सालची अमेरिकन मसल कार, लांबलचक नाक, आठ सिलिंडर. सिनेमातल्या पाठलागात चढावरून उडी मारतात ना, त्याच घराण्यातली. गुरुवारी ती एका कार-शोमध्ये जायची होती, मागे पडद्यावर गाजलेल्या पाठलागांची दृश्यं चालणार होती. आता मात्र तिचा पुढचा मडगार्ड चेपला होता आणि चाकांत वाळू अडकली होती.

परेश परवानगीची वाट न बघता आत बसला. क्लच दाबला, ऐटीत गियर टाकायला गेला, आणि डावा हात धाडकन दारावर आपटला.

"आई गं! पुण्यात पंधरा वर्षं मॅन्युअल चालवली, इथे आखातात सगळं ऑटोमॅटिक," बोटं चोळत तो म्हणाला. "गियर उजवीकडे आहे हे डोक्याला कळतं, हाताला नाही."

वासंती वाकून दाराची आतली बाजू न्याहाळत होती. तिथे पाच-सहा बारीक, समांतर ओरखडे होते.

"हे जुने आहेत?"

"छे हो, मागच्याच आठवड्यात नवं लेदर बसवलंय," सूर्यकांत म्हणाले. "आठ वर्षं ही गाडी मी एकटाच चालवतो. शुक्रवार-शनिवार ऑफिसच्या कामाला अल ऐनला होतो. शनिवारी दुपारी आलो तर हे. एक किल्ली स्वयंपाकघरात असते, दुसरी अक्रमकडे. दर शनिवारी सकाळी तो इंजिन गरम करायला येतो. झालं की."

त्यांचा मुलगा सिद्धांत फोनमधून मान वर न काढता म्हणाला, "I don't do stick, aunty. माझं लायसन ऑटोमॅटिकचं आहे."

सूर्यकांतांच्या बायकोने, अनुपमाने चहा आणला. हातातल्या बांगड्या मागे सारत तिने कप मांडले. "या गाडीला हात लावायची सोय नाही आम्हाला. लग्नाआधी बाबांची जीप मी घाटात न्यायचे, पण ते सिद्धांतला खरंच वाटत नाही."

अक्रम फाटकापाशी उन्हात उभा होता. सीरियाचा माणूस, गॅरेजमध्ये शिकलेलं मोडकंतोडकं हिंदी.

"इंडियावाली गाडी कभी चलाया?" वासंतीने विचारलं.

"कभी नहीं, मॅडम. सीरिया में, इधर, सब गियर राइट हॅंड."

"शनिवार को किसको देखा?"

तो जमिनीकडे बघत राहिला. "मैंने नहीं ठोका. बाकी मत पूछो."

हाच तो, परेशने मनाशी ठरवून टाकलं. निर्दोष माणूस कशाला असं बोलेल?

दिवाणखान्यात सगळे बसल्यावर वासंती म्हणाली, "भावजी, मघाशी तुमचा हात जिथे आपटला, ते ओरखडे अगदी तिथेच आहेत. म्हणजे गाडी चालवणाऱ्याला मॅन्युअल येतं, पण तो भारतात शिकलाय. घाबरला, आणि डावा हात गियरसाठी दाराकडे गेला. अक्रमचा हात आयुष्यात तिकडे गेला नसता. सिद्धांतला क्लचच येत नाही. सूर्यकांतरावांचा हात आठ वर्षांत सरावलाय, शिवाय ते अल ऐनला होते."

"मग कोण?" परेशने विचारलं.

"तुमच्या हाताने ओरखडे उठले नाहीत, भावजी. नुसती बोटं दुखली. एकाला एक लागून पाच-सहा ओरखडे कशाने उठतात? बांगड्यांनी."

सगळ्यांच्या नजरा अनुपमाच्या हाताकडे गेल्या. तिने हात लपवला नाही.

"मीच," ती सूर्यकांतांना म्हणाली. "तुम्ही मला पाठलागाचे सिनेमे दाखवायला न्यायचात. पुढे खरी गाडी घरी आली, आणि मी नुसती टाळ्या वाजवायला उरले. एकदाच वळण घेऊन बघायचं होतं हो. वाळूत सरकले, सेकंड टाकायला गेले तर हाताला दार लागलं, आणि गाडी सिमेंटच्या ठोकळ्यावर."

"आणि अक्रम?" वासंतीने विचारलं.

"त्याने पाहिलं. वाळूतून गाडी त्यानेच ढकलून काढली. म्हणाला, घर का बात घर में." "आज सांगेन, उद्या सांगेन करत राहिले. त्याची नोकरी जातेय हे माहीत असून. लाज वाटते मला."

सूर्यकांत उठले, स्वतः फाटकापर्यंत गेले आणि अक्रमला आत घेऊन आले. तीन वर्षं येणारा तो माणूस या खोलीत पहिल्यांदाच आला होता. सोफा खराब होईल म्हणून तो बसेना. परेशला आपल्या मघाच्या निकालाची शरम वाटली.

"अक्रम, मॅडम ने सब बताया," सूर्यकांत हात जोडून म्हणाले. "मुझे माफ करो."

"माफी बाद में, साहब," अक्रम म्हणाला. "पहले मेरे मालिक को फोन करो."

सूर्यकांतांनी फोन काढला आणि स्पीकर लावला.